छेदांतलीं माणसें

नांदेडच्या माणसाला तीन ऋतु ठाऊक असतात: उन्हाळा, कडक उन्हाळा, आणि ज्याची वाट पाहण्यांतच निम्मा सरून जातो तो पावसाळा. संख्याशास्त्राच्या अध्यापकाला याखेरीज चौथाहि एक ऋतु असतो. तो म्हणजे प्रबंधाचा ऋतु. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशीं गेला कीं त्याची चाहूल लागते. वैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी, कोणी नांदेडचे, कोणी लातूरचे, कोणी अंबाजोगाईचे, संध्याकाळीं माझ्या दाराशीं येऊं लागतात. रात्रपाळीनें त्यांचे डोळे तांबारलेले असतात. हातांत लॅपटॉप असतो. आणि त्या लॅपटॉपांत एक्सेलचा एक लांबच लांब तक्ता असतो. दोन वर्षें वॉर्डांत उभें राहून जमविलेले रोगी त्या तक्त्यांत ओळीओळीनें झोपलेले असतात. "सर, एवढं जरा अ‍ॅनॅलिसिस करून द्या," असें म्हणून तो तक्ता ते माझ्यापुढें ठेवतात. पिठाच्या गिरणीवर एखादी गृहिणी जसा डबा ठेवते, आणि "बारीक दळा हं, पोळ्यांचं आहे" असें बजावून भाजी आणायला निघून जाते, अगदीं तसाच हा प्रकार.

दळण कोणत्या शेतांतलें, हें गिरणीवाल्यानें विचारावयाचें नसतें. मला मात्र तें विचारल्यावांचून राहवत नाहीं. आणि त्यामुळें माझी गिरणी फारशी लोकप्रिय नाहीं.

या मंडळींचा एक ठराविक प्रश्न असतो: "सर, पी किती येतो?" हा 'पी' म्हणजे काय, तें वाचकांना थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दोन उपचारांत वस्तुतः कांहींच फरक नाहीं असें धरून चाललें, तर केवळ योगायोगानें हातीं आलेल्याएवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची जी संभाव्यता, ती ही. ती शेंकडा पांचाहून कमी भरली कीं फरक 'लक्षणीय' ठरतो आणि प्रबंधाची नाव पैलतीराला लागते. रोनल्ड फिशर या इंग्रज पंडितानें १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत हा शेंकडा पांचाचा दंडक सोयीचा म्हणून सुचविला. पुढें सोयीचें शास्त्र झालें आणि शास्त्राचें सोंवळें झालें. ०.०४९ आला तर तो देवघरांत, ०.०५१ आला तर ओसरीवर! अखेर २०१६ सालीं अमेरिकन सांख्यिकी संस्थेला जाहीर निवेदन काढून सांगावें लागलें कीं, हा आंकडा रेषेच्या अलीकडे आहे कीं पलीकडे एवढ्यावरूनच शास्त्रीय निर्णय घेऊं नयेत. तें निवेदन आमच्या बाजूला अजून पोंचावयाचें आहे. परंतु 'पी'शीं माझें भांडण नाहीं. तें गरीब बिचारें अक्षर. लोकांनीं त्याच्या डोक्यावर नको तेवढें ओझें दिलें एवढेंच. माझी तक्रार आहे ती अपूर्णांकाच्या खालच्या मजल्याविषयीं.

व्यवहारी अपूर्णांक आपण सर्वांनींच शाळेंत केले आहेत. मध्यें एक आडवी रेघ. रेघेच्या वर बसतो तो अंश आणि खालीं असतो तो छेद. 'इतके मेले', 'इतके बरे झाले', 'इतक्यांना अमुक रोग निघाला' हे सगळे अंश. 'कितींपैकीं?' या प्रश्नाचें उत्तर म्हणजे छेद. अंशाला वारा लागतो, उजेड लागतो. तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जातो, विधानसभेंत जातो. छेद बिचारा जुन्या वाड्याच्या तळघरासारखा. तेथें काय आहे हें पाहावयास दिवा घेऊन खालीं उतरावें लागतें, आणि उतरणाऱ्याच्या अंगाला जाळीं लागतात.

दिवा घेऊन उतरणाऱ्यांत एक मराठी नांव मोठें आहे. सातारा जिल्ह्यांतल्या बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्या काळीं 'जगांतली दोन तृतीयांश प्रजा उपाशी आहे' हें वाक्य सर्वतोमुखीं झालें होतें. सुखात्मे यांनीं १९६१ सालीं हिशेब मांडून दाखविला कीं पोटभर अन्नावांचून राहणारे शेंकडा १० ते १५ आहेत. निकृष्ट आहाराचे लोक त्यांत मिळविले तर मात्र आंकडा निम्म्याच्या आसपास जातो. देशाची सरासरी कमी म्हणून देशांतला प्रत्येक जण उपाशी ठरत नाहीं, एवढीच मूळ गोष्ट. पुढें पुण्यांत त्यांचा आणि प्रा. वि. म. दांडेकर यांचा भुकेच्या मोजमापावरून जो वाद झाला, त्यांत सुखात्मे यांचें सर्व म्हणणें मला पटतें असें नाहीं. भुकेल्याची संख्या कमी ठरली कीं सरकारचा हात आखडतो, ही विरोधकांची भीति अनाठायीं नव्हती. पण तळघरांत उतरल्याशिवाय हा वाद होऊंच शकला नसता.

२०२३ सालच्या ऑक्टोबरांत नांदेडला हाच प्रश्न फार कडू रीतीनें पुढें आला. ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत, विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत २४ रोगी दगावले. त्यांतलीं १२ नवजात अर्भकें होतीं. पुढच्या दिवशीं आणखी ७ गेले. म्हणजे ४८ तासांत ३१, आणि त्यांत १६ बालकें. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली. चोवीस तासांत चोवीस, या शब्दांना एक भयंकर ताल आहे: दर तासाला एक. तो ताल देशभर वाजत राहिला.

त्या आठवड्यांत घराबाहेर पडणें मला कठीण झालें होतें. शेजारचे वकील, किराणा दुकानदार, रिक्षावाला, जो तो विचारी, "सर, तुमचं शास्त्र काय म्हणतं? हे नेहमीचंच की जास्त?" शहरांत दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणे, २४ हाच पुरावा. आणखी काय पाहिजे? दुसरा म्हणे, अहो, मंजूर खाटा ५००, रोगी त्याहून कितीतरी अधिक. हिंगोली-परभणीकडून आणि सीमेपलीकडच्या तेलंगणांतून शेवटच्या घटकेला येथें आणून टाकलेले. एवढ्या मोठ्या छेदावर २४ हा अंश तो कितीसा? पहिला पक्ष छेद साफ विसरला होता. दुसऱ्यानें तो ढालीसारखा पुढें धरला होता. आणि ढालीमागें नेमका किती छेद आहे, हें त्यालाहि ठाऊक नव्हतें.

मला जें उत्तर देतां आलें तें कोणालाच आवडलें नाहीं. तें असें कीं, या प्रश्नाचा निकाल लावावयाचा तर त्या दिवशीं नवजात विभागांत एकंदर बालकें किती होतीं हें प्रथम पाहिजे. त्यांतलीं दीड किलोच्या आंतलीं किती? दिवस पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलीं किती? त्याच रुग्णालयांत जन्मलेलीं किती आणि बाहेरून आणलेलीं किती? बाहेरून आणलेलीं जन्मानंतर किती तासांनीं पोंचलीं? त्या रात्रीं किती पाळण्यांमागें एक परिचारिका होती? सातव्या महिन्यांत जन्मलेलें किलोभर वजनाचें मूल आणि पुऱ्या दिवसांचें तीन किलोचें मूल यांना एकाच छेदांत कोंबून काढलेली टक्केवारी म्हणजे हळद आणि तिखट एकाच डब्यांत ठेवण्यासारखें आहे. रंग दिसतो, चव कळत नाहीं. आणि समजा, हें सर्व पाहून असें निघालें कीं त्या दिवशीं नेहमींपेक्षां विशेष अधिक मृत्यु झाले नाहींत, तर? दुसऱ्या पक्षाला वाटे कीं मग आरोप संपला. मला वाटे कीं मग आरोप एका दिवसावरून उठून वर्षाच्या ३६५ दिवसांवर जाऊन बसतो. 'रोज इतके जातातच' हें वाक्य आकडेवारी म्हणून खरें असेल. बचाव म्हणून तें फार लंगडें आहे.

शिवाय या दोन्ही पक्षांच्या हिशेबाबाहेर तिसरींच माणसें उरत होतीं: जीं निघालीं पण पोंचलीं नाहींत, किंवा पोंचलीं आणि परत गेलीं. त्यांची गांठ मला पुढच्या प्रबंधाच्या ऋतूंत पडली.

बालरोगशास्त्राची एक विद्यार्थिनी तक्ता घेऊन आली. मराठवाड्यांतल्याच एका रुग्णालयांत ती शिकत होती. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण जें तेथें होतें तें सर्वत्र होतें. तिचा विषय कमी वजनाच्या नवजात बालकांचा. तक्ता फार नीटनेटका होता: वजन, लिंग, जन्मस्थान, दाखल झाल्याची वेळ, मुक्कामाचे दिवस, आणि शेवटच्या रकान्यांत दोनच शब्द आलटून पालटून, 'डिस्चार्ज' किंवा 'डेथ'. मी पहिल्या रकान्याकडे पाहत होतों. अनुक्रमांक ४१, ४२, ४४, ४७, ४८ असे उड्या मारीत चालले होते.

"मधले कुठं गेले, डॉक्टर?"

"ते डामा, सर. वगळलेत."

'डामा' हा शब्द कोशांत सांपडावयाचा नाहीं. वॉर्डांत मात्र तो दिवसांतून दहादां ऐकूं येतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रोग्याला घरीं घेऊन जाणें, या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांचा तो झाला आहे. कागदावर बापाचा अंगठा किंवा सही घेतात, आणि मूल कापडांत गुंडाळून ते लोक निघतात. कां निघतात, याचीं कारणें त्या कागदावर नसतात. घरीं दुसरीं दोन लेंकरें शेजाऱ्यांवर टाकलेलीं असतात. मजुरी बुडत असते. डॉक्टर कांहीं न बोलतां मान हलवितात ती खूण आजीला बरोबर समजते. आणि जायचेंच आहे तर लेंकरूं आपल्या मांडीवर जावो, नळ्यांच्या जाळ्यांत नको, असें तिला वाटतें. तें चूक आहे असें मला तरी छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं.

"सगळेच वगळतात, सर," ती म्हणाली. "पुढं काय झालं ते कळतच नाही ना."

टेबलावर त्या दिवशींचें वर्तमानपत्र पडलें होतें. त्याच्या समासांत मीं तिला एक लहानसें उदाहरण मांडून दाखविलें. समजा, १०० बालकें दाखल झालीं. २० वॉर्डांत दगावलीं, ६० बरीं होऊन गेलीं, आणि २० ना घरच्यांनीं नेलें. हीं शेवटचीं २० वगळलीं तर छेद ८० चा होतो आणि मृत्युदर शेंकडा २५ येतो. आतां नेलेलीं सर्व वांचलीं असें धरा: १०० पैकीं २०. सर्व गेलीं असें धरा: १०० पैकीं ४०. म्हणजे सत्य २० आणि ४० यांच्यामध्यें कोठें तरी आहे. आणि आपण मात्र २५ हा आंकडा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत अचूक काढून, त्याच्यावर 'पी'चा टिळा लावून, बांधीव प्रबंधांत छापणार. उद्यां कोणी तो प्रबंध वाचून किती पाळणे घ्यावयाचे तें ठरविणार!

तिला हें आवडलें नाहीं. प्रबंध द्यावयाला थोडे आठवडे उरले होते. पण पोरगी हट्टी निघाली. रुग्णालयाच्या नोंदवहींतून मोबाइल नंबर उतरून घेऊन ती रात्रपाळीनंतर फोन करूं लागली. पुष्कळ नंबर बंदच होते. कांहीं दुसऱ्याच कोणाचे निघाले. एका बापानें कर्नाटकांतल्या उसाच्या फडांतून फोन घेतला आणि "दिवसा रेंज येत नाही बाई, रात्री करा" असें म्हणून ठेवून दिला. एक आजी इतकेंच म्हणाली, "गेलं की माय, त्याच दिवशी. एस्टीतच." आणि एका आईनें, हें सांगतांना त्या मुलीचा आवाज बदलला, "चांगलं गुटगुटीत आहे, रांगतंय, बघायला या" म्हणून आग्रह केला. वॉर्डानें ज्याची आशा सोडली होती तें मूल मुखेडच्या बाजूला कोठें तरी अंगणांत रांगत होतें. छेदांतून गाळलेले सर्वच मेलेले असतात असें नाहीं. तेंहि आपणांस ठाऊक नव्हतें.

तिनें शेवटीं प्रबंधांत एक आंकडा दिला नाहीं. ज्ञात मृत्यु, ज्ञात हयात, आणि ठावठिकाणा न लागलेले, असे तीन रकाने केले आणि दर दोन टोकांमध्यें दाखविला. तोंडी परीक्षेंत परीक्षक म्हणाले, हें काय, एक आंकडा सांगा. ती म्हणाली, "सर, एकच आकडा द्यायचा तर मला कुणालातरी वगळावं लागेल." परीक्षकांनीं चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला. ती उत्तीर्ण झाली.

रुग्णालयाच्या दारांत बसून छेद मिळत नाहीं, हें महाराष्ट्रांत ज्यांनीं सर्वांत स्पष्टपणें दाखविलें ते डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग होत. १९८६ सालीं गडचिरोलींत त्यांनीं 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यांत स्त्रियांचे रोग घेऊन किती बायका येतात, हें मोजणें सोपें होतें. त्यांनीं तें न करतां वसा आणि अमिर्झा हीं दोन गांवें घेतलीं आणि तक्रार असो वा नसो, तेथल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारींत हा अभ्यास 'लॅन्सेट' या प्रख्यात नियतकालिकांत आला. शेंकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. आणि त्यासाठीं पूर्वी कधीं तपासणी वा उपचार मिळालेल्या अवघ्या शेंकडा ८. दवाखान्याच्या केसपेपरांवरूनच अभ्यास झाला असता तर जगाला या ८ दिसल्या असत्या. उरलेल्या बायका पाणी भरीत होत्या, रोवणी करीत होत्या, आणि हें बायकांच्या जातीला असतेंच म्हणून गप्प होत्या.

नवजात मृत्यूंच्या बाबतींत तर त्यांनीं छेद तयार करण्याचेंच काम आधीं हातीं घेतलें. ३९ गांवांत गांवांतल्याच थोड्याबहुत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी सुरू केली. ४७ गांवें तुलनेसाठीं ठेवलीं. दोन्हींकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यु नोंदला जाई, आणि दर सहा महिन्यांनीं घरोघर फिरून त्या नोंदींचा पुन्हा पडताळा घेत. ताप-फिटांचीं, श्वासाचीं, स्तनपानाचीं लक्षणें पाहून या स्त्रिया जंतुदोष ओळखीत आणि इंजेक्शनहि देत. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां, तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्युदर शेंकडा ६२ नें उतरला होता. हा ६२ खरा कीं खोटा, असा वाद घालतां आला तो केवळ दोन्ही बाजूंचा छेद वहींत होता म्हणून.

मला यांतली सर्वांत आवडलेली गोष्ट आंकड्याची नव्हे, मण्यांची आहे. बाळाला न्यूमोनिया आहे कीं नाहीं हें श्वास मोजून ओळखतां येतें: दोन महिन्यांच्या आंतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा अधिक झाले कीं धोका. पण दाईला इतकें मोजतां येत नसलें तर? तिच्यासाठीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मणी ओंवलेली एक पाटी करण्यांत आली. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याच्या आंत ठरलेले मणी सरकले तर औषध सुरू. गेलीं तीस वर्षें मी पदवीधरांना मोजावयास शिकवीत आहें. त्यांतल्या किती जणांच्या मोजण्यानें एखादें मूल वांचलें असेल, हा हिशेब मीं अद्याप मांडलेला नाहीं.

आमच्या दोन जिल्ह्यांचें काय, असें कोणी विचारील. नांदेड जिल्ह्याचा किंवा लातूर जिल्ह्याचा बालमृत्युदर किती? केंद्र सरकारची नमुना नोंदणी पद्धति दर सांगते तो राज्याचा. जिल्ह्यापर्यंत ती उतरत नाहीं, कारण नमुना तेवढा मोठा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत जिल्हावार पत्रकें निघालीं. लसीकरण, रक्तक्षय, प्रसूति कोठें झाली, हें सर्व त्यांत आहे, बालमृत्युदर नाहीं. राहिली जन्ममृत्यूची नोंद. ती सक्तीची असल्याचा कायदा १९६९ चा; पण सहाव्या दिवशीं घरींच गेलेल्या अर्भकाची, जन्म आणि मृत्यु अशा दोन्ही नोंदी करावयाला ग्रामपंचायतींत कोण जातो? आणि या सर्वांच्या खालचा मोठा छेद जो जनगणनेचा, तो अजून २०११ चाच चालला आहे: नांदेड ३३ लाख ६१ हजार, लातूर २४ लाख ५४ हजार. २०२१ ची जनगणना त्या सालीं झाली नाहीं. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ठरली आहे. मधल्या काळांत जन्मलेलीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं.

छेद कसा हातांतून निसटतो, हें मला पुस्तकानें शिकविलेलें नाहीं. तें किल्लारीनें शिकविलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला तेव्हां मी औरंगाबादला, आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, एम. एस्सी.च्या वर्गांत होतों. माझें मूळ गांव औसा तालुक्यांतलें. तें त्या पट्ट्याबाहेर राहिलें, म्हणून वांचलें. गणपति आदल्या दिवशींच बोळवले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचीं जड माळवदें. निजलेल्यांच्या अंगावर तीं खालीं आलीं. कुडाच्या झोपड्यांत राहणारे त्या मानानें वांचले. गरिबीनें माणूस तारल्याचें मीं पाहिलेलें तें एकच उदाहरण. मृतांचा आंकडा एका ठिकाणीं ७,९२८ दिला जातो, दुसऱ्या ठिकाणीं ९,७४८. पुढें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या मानसोपचार-पाहणींत, वांचलेल्यांपैकीं ५९ टक्क्यांना मनोविकाराचीं लक्षणें आढळलीं. तें वाचतांना मला त्या पत्र्याच्या शेडांतलीं माणसें आठवलीं, आणि उरलेल्या ४१ टक्क्यांचें मला अधिक आश्चर्य वाटलें.

आम्हां विद्यार्थ्यांच्या तुकडीला कुटुंबवार पाहणीचे छापील फॉर्म देण्यांत आले होते. कुटुंबप्रमुखाचें नांव, शिधापत्रिकेचा क्रमांक, एकूण माणसें, मृत, जखमी, हयात. एका शेडांत एक म्हातारा भेटला. शिधापत्रिका त्याच्या अंगरख्याच्या खिशांत होती. तेवढीच वस्तु त्याच्यापाशीं राहिली होती. पत्रिकेवर सहा माणसें. मीं एकूणच्या रकान्यांत ६ लिहिले. मृत किती, म्हणून विचारलें. त्यानें बोटें मोजलीं आणि सात सांगितलीं. मीं तसें लिहिलें. हयात, तो एकटा.

संध्याकाळीं तपासनिसानें तो फॉर्म लाल खूण करून परत दिला. सहांपैकीं सात कसे मरतील? शाळेंत अंश छेदापेक्षां मोठा असला कीं त्याला अंशाधिक अपूर्णांक म्हणतात. जनतेच्या गणतींत तसा प्रकार नसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पुन्हा त्या शेडांत गेलों.

"बरुबर हाय की," म्हातारा म्हणाला. "पाच घरचे. अन् लेक बाळंतपणाला आलेली व्हती. ती अन् तिचं लेकरू."

लेकीचें नांव तिच्या सासरच्या पत्रिकेवर होतें, तुळजापूरच्या बाजूला कोठें तरी, जेथें एकहि घर पडलें नव्हतें. सासरच्या गांवच्या छेदांत ती जिवंत मोजली गेली असती. माहेरच्या छेदांत ती नव्हतीच. लेंकराची तर कोणत्याच पत्रिकेवर नोंद नव्हती.

मीं एकूणच्या रकान्यांतला ६ खोडून ८ केले आणि रकाना पुरेना म्हणून फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांचीं नांवें लिहावयास घेतलीं. लेकीचें नांव त्यानें सांगितलें. म्हाताऱ्याला वाचतां येत नव्हतें. तरी त्यानें कागद हातांत घेऊन बराच वेळ पाहिला.

"लेकराचं काय लिवलं, मास्तर? बारसं व्हायचं व्हतं त्याचं."

मीं 'बाळ' असें लिहिलें होतें. तें त्याला वाचून दाखविलें.